शेंकडा ८५ मतें आणि तीन डॉलर मजुरी

कोणत्याहि निवडणुकींत एका बाजूस शेंकडा पंचावन्न मतें पडलीं तर लोक म्हणतात, चुरस झाली. साठ पडलीं तर म्हणतात, मोठा जय झाला. आणि शेंकडा पंचाऐंशी पडलीं म्हणजे मग बोलणेंच खुंटतें. सारा मुलूख एका विचाराचा झाला, आतां विचारावयाचें काय राहिलें, असें जो तो म्हणूं लागतो. आमचें म्हणणें असें कीं, विचारावयाचें तें तेव्हांच सुरू होतें. हें बोलणें हवेंतलें वाटूं नये म्हणून एक खरी हकीकत वाचकांपुढें ठेवतों. ती परक्या मुलखाची आहे, पण मुंबईच्या टांकसाळीशीं आणि आमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावरच्या चांदीशीं तिचा धागा बांधलेला आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोलोरॅडो हें एक संस्थान. (तेथील संस्थानास राजा नसतो. प्रांताएवढा मुलूख, त्याचें स्वतःचें कायदेमंडळ, आणि लोकांनीं निवडलेला गव्हर्नर, असा तो कारभार.) रॉकी पर्वताच्या कुशींतला हा डोंगराळ मुलूख १ ऑगस्ट १८७६ रोजीं संस्थान म्हणून सामील झाला. त्याच सालीं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. तेथें अध्यक्ष निवडतात ते प्रत्येक संस्थानानें पाठविलेले प्रतिनिधि. लोक मतें देतात तीं या प्रतिनिधींसाठीं. पण कोलोरॅडोंत त्या सालीं लोकांचें मतदान झालेंच नाहीं. कायदेमंडळानें आपले तीन प्रतिनिधि नेमून दिले. ते हेज यांच्या बाजूस गेले, आणि हेज निवडून आले १८५ विरुद्ध १८४, म्हणजे अवघ्या एका मतानें! सबंध देशाचा अध्यक्ष ठरविणारीं तीन मतें या संस्थानानें टाकलीं, आणि त्यांत तेथल्या खाणमजुराचें वा शेतकऱ्याचें एकहि मत नव्हतें.

वीस वर्षांनीं, १८९६ च्या नोव्हेंबरांत, याच संस्थानांत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांस सुमारें १ लाख ६१ हजार मतें पडलीं आणि मॅकिन्ले यांस सुमारें २६ हजार. शेंकडा काढला तर ८५ आणि १४. त्या संस्थानांत अध्यक्षाच्या निवडणुकींत एवढा वाटा त्या आधीं कोणास मिळाला नव्हता आणि नंतरहि कोणास मिळालेला नाहीं. हें कसें घडलें? एका शब्दांत उत्तर द्यावयाचें तर चांदी. पण एका शब्दानें पोट भरत नाहीं, म्हणून जरा खोलांत जाऊं.

१८७८ च्या सुमारास लेडव्हिल येथें, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर, चांदीच्या शिरा सांपडल्या आणि ओसाड डोंगरांत पाहतां पाहतां हजारों वस्तीचें शहर उठलें. तेथें होरेस टेबर नांवाचा एक दुकानदार होता. दोघां खणणाऱ्यांस त्यानें खाण्यापिण्याचें सामान दिलें, अट अशी कीं कांहीं लागलें तर त्यांत माझी भागी. लागलें! टेबर कोट्यधीश झाला, डेन्व्हर शहरांत त्यानें टोलेजंग नाटकगृह बांधलें, संस्थानचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, थोडे दिवस वॉशिंग्टनच्या वरिष्ठ सभेंतहि बसून आला. पुढें १८९३ सालीं त्याचें सर्वस्व बुडालें, १८९८ त डेन्व्हरचा पोस्टमास्तर म्हणून तो नोकरीस लागला आणि दुसऱ्या वर्षीं वारला. दिलेल्या मालावर भागी ठेवणारा दुकानदार आमच्या वाचकांस नवा नाहीं. मात्र आमच्याकडचा असा एखादा दुकानदार शेवटीं पोस्टांत नोकरीला लागल्याचें ऐकिवांत नाहीं.

टेबरसारख्यांचीं नांवें इमारतींवर राहिलीं. जमिनीच्या पोटांत उतरणारे जे हजारों होते, त्यांचा हिशेब साधा होता. दिवसभर काम, आणि दिवसास तीन डॉलर. हे तीन डॉलर वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम आहे.

आतां ही चांदी घेत कोण होतें? मोठीं गिऱ्हाइकें दोन. एक वॉशिंग्टनचें सरकार. १८९० च्या कायद्यानें तें दरमहा ४५ लक्ष औंस चांदी विकत घेण्यास बांधलेलें होतें. दुसरें गिऱ्हाईक आमचा हिंदुस्थान. त्या काळीं कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळी चांदीला मोकळ्या होत्या. कोणींहि चांदी घेऊन जावें, थोडी घडणावळ द्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावे. रुपया वजनानें एक तोळा, त्यांत अकरा हिस्से चांदी व एक हिस्सा हिणकस. म्हणजे रुपया तो काय, तर शिक्का मारलेली चांदी. आणि बाईच्या पायांतले तोडे म्हणजे शिक्का न मारलेले रुपये. या दोहोंत फारसें अंतर नव्हतें, म्हणूनच आमचा शेतकरी सुगीच्या पैशाची चांदी करून ठेवीत असे. ती हौस नव्हती, ती त्याची पेढी होती.

जर्मनीनें व पाठोपाठ इतर राष्ट्रांनीं १८७१ नंतर सोन्याचें नाणें धरलें, अमेरिकेनेंहि १८७३ त चांदीच्या डॉलराला टांकसाळीचें दार लावलें, तेव्हांपासून चांदी उतरत चालली होती. रुपया तर चांदीचा. तोहि तिच्याबरोबर उतरला. पूर्वीं रुपयाला विलायती दोन शिलिंग येत, ते १८९२-९३ त सव्वा शिलिंगावर आले. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेस मोठी रक्कम पाठवावी लागे, ती पेन्शनें, कर्जाचें व्याज आणि लंडनच्या कचेरीचा खर्च यांसाठीं. आणि ती द्यावयाची सोन्यांत. रुपया उतरला कीं तितकेच पौंड भरावयास जास्त रुपये लागत. यावर सरकारनें तोड काढली. २६ जून १८९३ रोजीं कायदा करून टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपये थोडे पडले म्हणजे रुपयाला भाव येईल, हें त्यांतलें वर्म. सिमल्याच्या थंड हवेंत ठरलेल्या या गोष्टीबद्दल ना सातारच्या कुणब्याला कोणीं विचारलें, ना लेडव्हिलच्या मजुराला.

परिणाम विजेसारखा झाला. आठवडा लोटण्यापूर्वीं चांदीचा भाव औंसाला ८० सेंटांच्या वरून ६२ सेंटांच्या आसपास कोसळला. कोलोरॅडोंतील खाणींच्या व भट्ट्यांच्या मालकांनीं डेन्व्हरला बैठक घेऊन कामें बंद करण्याचें ठरविलें. जुलैंत डेन्व्हरच्या बारा पेढ्या तीन दिवसांत बंद पडल्या. सप्टेंबरापर्यंत संस्थानच्या मजूर खात्याच्या मोजदादीप्रमाणें ४३५ खाणी बंद व ४५ हजार माणसें बेकार! सगळ्या संस्थानाची वस्ती बायकामुलें धरून चार लाखांच्या थोडी वर होती, यावरून वाचकांनीं अंदाज करावा. डोंगरांतले लोक डेन्व्हरला लोटले. नदीकांठीं तंबूंची छावणी पडली. रेल्वे कंपन्यांनीं फुकट किंवा थोड्या भाड्यांत त्यांना पूर्वेकडे नेऊन सोडलें. त्यावर नोव्हेंबराच्या आरंभीं वॉशिंग्टनच्या सरकारनेंहि ४५ लक्ष औंसांची खरेदी रद्द केली. दोन्ही गिऱ्हाइकें गेलीं.

इकडे आमच्या मुलखांत काय झालें तें वेगळें सांगावयास नको असें वाटेल. पण सांगितलेंच पाहिजे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत तें एका ओळींत उरकतात. रुपया एकीकडे आणि चांदी एकीकडे अशी फारकत झाली. सरकारचा धारा रुपयांत, सावकाराची वही रुपयांत, आणि घरांतली शिल्लक मात्र चांदींत. रुपयाचा भाव वर चढविला गेला, चांदी खालीं गेली. १८९६-९७ च्या दुष्काळांत दख्खनच्या कुणबिणींनीं पायांतले वाळे व हातांतले गोठ काढून दुकानीं नेले, तेव्हां पूर्वीं जवळजवळ रुपया मोलाच्या तोळ्याला बाजारभावानें दहा-अकरा आणे यावयाचे, आणि त्यांत दुकानदाराची काटछाट वेगळी. चोर आला नाहीं, दरोडा पडला नाहीं, आणि रुपयांतले पांच आणे घरांतल्या घरांत नाहींसे झाले. ज्या हुकुमानें लेडव्हिलचा मजूर बेकार झाला त्याच हुकुमानें ही बाई लुबाडली गेली. दोघांना एकमेकांचें नांवहि ठाऊक नव्हतें. फरक एवढाच कीं मजुराच्या हातांत मत होतें, आणि हिच्या हातांत तेंहि नव्हतें.

मताची गोष्ट निघालीच आहे तर कोलोरॅडोच्या बायकांविषयीं सांगितलें पाहिजे. पेढ्या बुडाल्या त्याच सालच्या ७ नोव्हेंबरला तेथील पुरुषांनीं मतें देऊन स्त्रियांना मताचा हक्क दिला. वायोमिंग संस्थानांत तो आधींच होता. पण पुरुष मतदारांच्या प्रत्यक्ष कौलानें स्त्रियांस हक्क मिळाला असें पहिलें संस्थान हेंच. पुढल्याच सालीं तीन बायका कायदेमंडळांत निवडून गेल्या. म्हणजे १८९६ चीं जीं १ लाख ६१ हजार मतें, त्यांत बायकांचींहि आहेत. मागल्या निवडणुकीच्या मानानें आंकडा एवढा फुगलेला दिसतो त्याचें एक कारण तें. हें त्या मुलखाचें मोठेपण आहे आणि तें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे.

१८९६ चा उन्हाळा आला. शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें सर्व पश्चिम व दक्षिण भागांत एकच होतें. गहूं व कापूस यांचे भाव वर्षानुवर्षें उतरत होते, आणि कर्जाचा आंकडा मात्र तसाच. शंभर डॉलर घेतले तेव्हां जितके गहूं विकून ते फिटले असते, त्याच्या दीडपट-दुप्पट गहूं आतां लागत. कर्ज वाढलें नाहीं, डॉलर जड झाला. त्यावर चांदीवाद्यांची मागणी अशी कीं, टांकसाळी पुन्हां चांदीला मोकळ्या करा आणि सोळा औंस चांदीस एक औंस सोनें हा जुना दर धरा. बाजारांत त्या वेळीं एक औंस सोन्याला सुमारें तीस औंस चांदी येत होती. म्हणजे शेतकऱ्याला हवा होता हलका डॉलर, आणि खाणवाल्याला हवा होता चांदीचा दुप्पट भाव. मागणी एक, पोट निराळें. ही गोष्ट त्या वेळीं सभांच्या गर्दींत फारशी कोणीं बोलून दाखविली नाहीं.

जूनमध्यें रिपब्लिकन पक्षाची परिषद सेंट लुई येथें भरली आणि तिनें सोन्याचा पक्ष घेतला. कोलोरॅडोचे वयोवृद्ध सेनेटर हेन्री टेलर, जन्मभर त्या पक्षांत राहिलेले, डोळ्यांत पाणी आणून सभेंतून उठून गेले. त्यांच्या मागें पश्चिमेचे आणखी कांहीं प्रतिनिधि गेले. जुलैंत डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद शिकागोला भरली. तेथें नेब्रास्काचे ब्रायन, वय वर्षें ३६, यांनीं चांदीच्या बाजूनें असें भाषण केलें कीं दुसऱ्या दिवशीं तेच उमेदवार ठरले. पॉप्युलिस्ट म्हणून जो शेतकऱ्यांचा पक्ष होता, ज्याच्या उमेदवारास कोलोरॅडोनें १८९२ सालीं कौल दिला होता, त्यानेंहि ब्रायनलाच उभें केलें. फुटून निघालेले चांदीवाले रिपब्लिकनहि त्यांनाच मिळाले. असे तीन प्रवाह एका पात्रांत आले. मग कोलोरॅडोंत उरलें कोण? खाणीचा मालक, भट्टीचा मालक, पेढीवाला, वर्तमानपत्रवाला, दुकानदार, शेतकरी, खाणीचा मजूर, मजुराची बायको, सारे एका रांगेंत. शेंकडा ८५ झाले यांत नवल नाहीं; बाकीचे १४ कोण होते याचेंच नवल वाटावें.

आतां आम्ही वाचकांस लेडव्हिलला नेतों.

१८९३ च्या घसरणींत तेथील मालकांनीं मजुरांस सांगितलें, चांदी पडली आहे, तुम्हीहि थोडें सोसा. मजुरांनीं सोसलें. कित्येकांची मजुरी तीनावरून अडीच डॉलर झाली. १८९६ च्या जूनपर्यंत काम पुन्हां चालू लागलें होतें, पण सुमारें तिसरा हिस्सा मजूर अजून अडीच डॉलरांवरच होते. मजूर संघानें मागणी केली कीं सर्वांस सरसकट तीन डॉलर द्या. मालकांनीं साफ नाकारलें. साडेनऊशेंवर मजूर कामावरून उतरले. मालकांनीं उलट खाणी बंद करून आणखी तेराशेंवर मजुरांस घरीं बसविलें. आणि मालकांनीं आपसांत लेखी करार केला कीं संघास मान्यता द्यावयाची नाहीं व कोणीं एकट्यानें संघाशीं बोलणें करावयाचें नाहीं. मजुरांनीं संघ केला तर तो कट; मालकांनीं केला तर तो करार! पुढें मिसुरीहून मजूर आणून खाणी चालू करण्यांत आल्या. २१ सप्टेंबरच्या पहांटे कोरोनाडो खाणीवर हल्ला झाला, सुरुंगाचे बाँब पडले, आग लागली, माणसें मेलीं. तो हल्ला निंद्य होता यांत संशय नाहीं. गव्हर्नरानें संस्थानचें सैन्य लेडव्हिलला उतरविलें.

महिने जुळवून पाहा. संप जूनांत, त्याच जूनांत टेलरसाहेबांचे अश्रू. सैन्य सप्टेंबरांत, मतदान नोव्हेंबरांत. म्हणजे रस्त्यांत शिपाई उभे असतां लेडव्हिलचा संपवाला मजूर मत देण्यास गेला, आणि त्याला तीन डॉलर नाकारणारा मालकहि गेला, आणि चांदीच्या नांवानें दोघांनीं एकाच माणसाला मत दिलें! मालकाला चांदीचा भाव दुप्पट हवा होता. मजुराला वाटलें, मालकाचा भाव चढला म्हणजे माझी मजुरी चढेल. हें त्याला कोणीं लिहून दिलें होतें काय? चांदी चढली तर तीन डॉलर देऊं, एवढी एक ओळ मालकांकडून मतदानापूर्वीं कोणीं मागून घेतली काय? संप मार्च १८९७ मध्यें हरून संपला. सर्वांस तीन डॉलर मिळाले नाहींत.

कोणी म्हणेल, मालकांची ऐपत नसेल. चांदी खरोखरच उतरलेली होती. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण दोन वर्षें मागची क्रिपल क्रीकची गोष्ट घ्या. त्या खाणी चांदीच्या नव्हत, सोन्याच्या. सोन्याचा भाव कांहीं पडला नव्हता. तेथें १८९४ त मालकांनीं त्याच तीन डॉलरांत आठ तासांऐवजीं जास्त तास काम मागितलें. संप झाला. मालकांच्या पैशानें शेरिफानें हजारावर शिपाई जमविले. त्या वेळीं गव्हर्नर होते डेव्हिस वेट, पॉप्युलिस्ट पक्षाचे, दाढीवाले वृद्ध गृहस्थ, तोंडाचे फटकळ. त्यांनीं संस्थानचें सैन्य पाठविलें तें मजुरांवर नव्हे, शेरिफाच्या शिपायांना अडविण्यासाठीं, आणि स्वतः मध्यें पडून आठ तास व तीन डॉलर असा तोडगा करून दिला. हे वेट चांदीचेहि कट्टर भक्त. मग चांदीवाल्या कोलोरॅडोनें त्यांना डोक्यावर घेतलें असेल? छे! त्याच नोव्हेंबरांत ते पडले. अव्यवस्था माजविणारा, दंगेखोर मजुरांचा पक्षपाती, अशी त्यांच्याविरुद्ध हाकाटी झाली, आणि जे प्रतिष्ठित लोक दोन वर्षांनीं चांदीसाठीं मजुरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेच या हाकाटींत पुढें होते. चांदीच्या प्रश्नावर शेंकडा ८५. मजुरीच्या प्रश्नावर दोन तट. मुलूख एकमताचा होता कीं नव्हता तें वाचकांनींच ठरवावें.

शाळेंत मुलांना शेंकडेवारीचें गणित घालतांना आम्ही पहिल्यानें विचारतों, शेंकडा कशाचा? आंकडा कितीहि मोठा असो, तळाशीं कोण धरलें आणि कोण वगळलें हें पाहिल्यावांचून त्याला अर्थ नाहीं. कोलोरॅडोच्या पश्चिम भागांत यूट नांवाच्या मूळच्या लोकांचा मुलूख होता. त्यांच्यापैकीं बहुतेकांना १८८१ सालीं सैन्याच्या पहाऱ्यांत यूटाकडे हांकलून तो मुलूख मोकळा करण्यांत आला. पूर्वेकडील पठारावरच्या शायेन व अरापाहो लोकांच्या छावणीची सँड क्रीक येथें १८६४ च्या नोव्हेंबरांत कोलोरॅडोच्या पलटणीनें कत्तल केली होती. मेलेल्यांत बायकामुलें व म्हातारेच फार. ज्यांच्या डोंगरांतून चांदी निघाली त्यांचें मत त्या ८५ तहि नाहीं आणि १४ तहि नाहीं. अमेरिकेच्या सर्व मूळच्या रहिवाशांस नागरिकत्व मिळालें तें १९२४ सालीं.

आणि हाच आंकडा दुसऱ्या रीतीनेंहि फुगवितां येतो. त्याच १८९६ त मिसिसिपी संस्थानांत ब्रायनला कोलोरॅडोपेक्षांहि जास्त, शेंकडा ९० च्या वर मतें पडलीं. तेथें चांदीची एक खाण नाहीं. १८९० च्या नव्या घटनेनें तेथील गोऱ्यांनीं मतदानावर पट्टी बसविली होती व वाचतां येतें कीं नाहीं याची परीक्षा ठेवली होती. त्यामुळें निम्म्याहून अधिक वस्ती असलेल्या काळ्या लोकांचीं नांवें यादींतून जवळजवळ पुसलीं गेलीं होतीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' पुस्तक ज्या अमेरिकनांना गुलामांच्या मुक्ततेबद्दल मोठ्या प्रेमानें अर्पण केलें, त्यांच्याच देशांत सतरा वर्षांनीं हें घडलें. दार लावून घेतलें कीं आंत बसलेले एकमताचे निघणारच. कोलोरॅडोचा आंकडा असा चोरीचा नव्हता, तेथें बायकांनाहि मत होतें, हें आम्ही वर सांगितलेंच. पण प्रामाणिक आंकड्यालाहि प्रश्न विचारावे लागतात.

ग्रामपंचायत बिनविरोध झाली कीं आमच्याकडे पेढे वाटतात. वाटावे. पण बिनविरोध कां झाली, तलावाचा गाळ कोणाच्या वावरांत पडला व पाणंद रस्ता कोणाच्या बांधाला वळसा घालून गेला, हें पेढा खातां खातां विचारणारा एखादा तरी असावा. असो.

ब्रायन देशांत हरले. मॅकिन्ले यांचे प्रतिनिधि २७१, ब्रायन यांचे १७६. मॅकिन्ले यांच्या बाजूनें पूर्वेकडील शेटजींनीं सुमारें ३५ लक्ष डॉलर ओतले. पुष्कळ कारखानदारांनीं मजुरांस बजावलें कीं ब्रायन आला तर दुसऱ्या दिवशीं कामावर येऊं नका. शिवाय शहरांतल्या मजुराला डॉलर हलका होणें म्हणजे भाकरी महाग होणें हेंहि दिसत होतें. त्याचा हिशेब कुणब्याच्या हिशेबाहून निराळा होता आणि तो खोटा नव्हता. आणखी एक गोष्ट. त्या पावसाळ्यांत हिंदुस्थानांत पाऊस मध्येंच गेला व पिकें बुडालीं. त्यामुळें जगाच्या बाजारांत गव्हाचा भाव ऐन निवडणुकीच्या तोंडावर चढला, आणि अमेरिकेच्या शेतकऱ्याचा राग थोडा निवळला. आमच्या दुष्काळानें तिकडे मॅकिन्ले यांचें काम सोपें केलें! १८९३ च्या टांकसाळीपाठोपाठ हिंदुस्थानचा हात कोलोरॅडोच्या दैवाला असा दुसऱ्यांदा लागला, तोहि आमच्या नकळत.

पुढें दक्षिण आफ्रिका, क्लोंडाइक आणि खुद्द क्रिपल क्रीक येथून सोनें इतकें निघालें कीं भाव आपोआप चढूं लागले व चांदीचा प्रश्न थंडावला. १९०० सालीं ब्रायन पुन्हां उभे राहिले, तेव्हां कोलोरॅडोनें त्यांना शेंकडा ५५ च्या आसपास मतें दिलीं. चार वर्षांत शेंकडा तीस माणसें आपापल्या जुन्या घरीं परत गेलीं होतीं.

मजुरांचे प्रश्न मात्र कुठें गेले नव्हते. १८९९ त कायदेमंडळानें खाणी व भट्ट्यांतील मजुरांसाठीं आठ तासांचा कायदा केला; भट्टीवाले कोर्टांत गेले आणि संस्थानच्या वरिष्ठ कोर्टानें तो घटनेविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. मग लोकांनीं १९०२ सालीं घटनाच बदलली. आठ तासांचा कायदा कायदेमंडळानें केलाच पाहिजे, या दुरुस्तीला शेंकडा ७० हून अधिक मतें पडलीं. हाहि मोठाच कौल होता, आणि या वेळीं तो मजुराच्या स्वतःच्या मागणीला होता. पण या वेळीं मालक त्या रांगेंत नव्हते. १९०३ त कायदेमंडळ भरलें, खाणवाल्यांचे, भट्टीवाल्यांचे व रेल्वेचे वकील सभागृहाच्या ओसरींत येरझाऱ्या घालीत राहिले, आणि कायदा न करतां सभासद घरोघर गेले. मजुरांनीं पुन्हां संप केले. त्या सप्टेंबरांत गव्हर्नर पीबॉडी यांनीं क्रिपल क्रीकला सैन्य पाठविलें, आणि त्या सैन्याच्या खर्चाचा पैसा पुढें केला खाणमालकांच्या संघानें.